शंका आली की लाल

रेफरीने लाल कोपऱ्यातल्या मुलीचा हात वर केला, तेव्हा काटेकोरच्या वहीत निळ्या कोपऱ्यातल्या मुलीला तीस आणि लालला सत्तावीस गुण होते. तिन्ही फेऱ्या निळीच्या, आणि एकीतही चुरस म्हणून नव्हती. लालच्या नाकातून रक्त येत होतं आणि आपला हात वर गेल्याचं सगळ्यांत जास्त आश्चर्य तिलाच वाटलेलं दिसत होतं. काटेकोरने वहीतली बेरीज पुन्हा केली. मग पेन झटकून बघितलं. आपल्या डोळ्यांवर शंका घ्यायची वेळ आली की माणूस आधी बाकीच्या सगळ्या वस्तूंवर घेऊन बघतो.

निळ्या कोपऱ्यातली मुलगी शिंप्याची होती. काटेकोर राहायचा त्या इमारतीच्या तळमजल्यावर शिंप्याचं दुकान. तिथे दर शनिवारी संध्याकाळी इस्त्रीच्या टेबलाभोवती चार टाळकी जमायची: शिंपी, काटेकोर, निवृत्त हेडमास्तर आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर. टीव्हीवर बॉक्सिंग लावायचं, प्रत्येक फेरीला गुण द्यायचे आणि शेवटी निकाल लागला की पंचांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, असा कार्यक्रम. काटेकोर हे अर्थात त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. तो वजनमापांच्या कार्यालयात होता. दुकानदारांचे तराजू तपासायचे आणि खरे निघाले तर शिक्का मारायचा, हे काम त्याने बावीस वर्षं केलं होतं. बायकोने चहात साखरेचे चार दाणे जास्त टाकले तरी त्याला कळायचं, आणि कळलं की तो गप्प बसायचा नाही. नाव शिंप्याने ठेवलं होतं. बायकोने ते कायम केलं.

त्या दिवशी मात्र शिंपी आणि काटेकोर मुलीबरोबर स्पर्धेलाच आले होते. तर निकाल लागला आणि काटेकोर ताडकन उठला. "तक्रार करायची! हा काय जंगलचा कायदा आहे का?"

तक्रारीचा नियम मात्र होता आणि तो भिंतीवर लावलेलाही होता. निकालानंतर अर्ध्या तासाच्या आत, तीन प्रतींत, खेळाडूच्या पालकाच्या सहीने अर्ज बॉक्सिंग संघटनेच्या सचिवांच्या टेबलावर द्यायचा. टेबल शेजारच्या बॅडमिंटनच्या हॉलमध्ये. झेरॉक्सचं यंत्र होतं, पण त्याची शाई संपलेली. तेव्हा तिन्ही प्रती हाताने लिहायच्या ठरल्या. शिंप्याचा चष्मा दुकानात राहिलेला, म्हणून लिहायला बसला काटेकोर. आणि इथे घात झाला. दुसरा कुणी असता तर त्याने खरडून मोकळं केलं असतं. काटेकोरने आधी तिन्ही कागदांना पट्टीने समास आखले. डावीकडे दीड इंच, उजवीकडे अर्धा. एका कागदावरचा समास किंचित तिरका गेला, म्हणून तो कागद बदलला.

सचिवांनी घड्याळ बघितलं. "चौतीस मिनिटं झाली."

"अहो, पण निकाल चुकीचा आहे!"

"असेल ना. पण तो वेळेवर चुकला. तुमचं बरोबर असेल, पण उशिरा बरोबर आहे." सचिवांनी अर्ज परत दिला आणि वर म्हणाले, "अक्षर मात्र छान आहे हो तुमचं."

 घरी परतताना बसमध्ये मुलगी खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि तिचा डावा डोळा हळूहळू बंद होत चालला होता. काटेकोरला त्या चार मिनिटांचं इतकं लागलं की दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. शिंप्याने त्याला एका शब्दाने बोल लावला नाही, हे तर आणखी वाईट.

पुढच्या शनिवारी शिंप्याने टीव्ही लावलाच नाही. म्हणाला, "आता पुरे. खोटा निकाल बघायला टीव्ही कशाला हवा? आणि पोरीला पण सांगितलंय, यापुढे स्पर्धा नाही. मार खायला ना नाही आपली. मार देऊनही हरायचं, हे कुणी सांगितलंय?"

कंपाउंडरने दुसऱ्याच आठवड्यात स्वयंपाकाचे कार्यक्रम बघायला सुरुवात केली. त्याचं म्हणणं, तिथे पदार्थ करपला तर करपला म्हणतात, वर बक्षीस देत नाहीत. हेडमास्तर बुद्धिबळाकडे वळले. इतक्या वर्षांचा शनिवार महिनाभरात मोडला. मुलगी तेवढी सकाळ-संध्याकाळ सराव करत राहिली. बाप नाही म्हणत होता आणि ती ऐकत नव्हती. पण बापाच्या सहीशिवाय स्पर्धेत नाव जात नव्हतं.

काटेकोरने एकदा जीव तोडून विषय काढला. "अहो, इतकी तयारीची मुलगी घरी बसवताय? दोन वर्षांनी वय निघून जाईल."

शिंप्याने कात्री खाली ठेवली. "एक निकाल दाखवा मला. एकच. माझ्या डोळ्यांदेखत, ज्याने जिंकलं त्याचाच हात वर गेलेला. लगेच सही करतो. मग ती हरली तरी मला चालेल."

ही अट काटेकोरने मनावर घेतली. काही माणसं अशी असतात की त्यांना कुणी सहज म्हणून बोललेलंही पत्राने कळवल्यासारखं वाटतं. शिंपी सहज बोलला नव्हता, त्यामुळे तर बघायलाच नको.

पहिला सल्ला हेडमास्तरांचा. "लेखी विचारा. तोंडी बोलाल तर हवेत जाईल. मुद्देसूद पत्र लिहा." काटेकोरने अकरा मुद्द्यांचं पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी संघटनेचं उत्तर आलं, ते दीड ओळीचं: पंचांच्या निर्णयाबाबत पंचांव्यतिरिक्त कोणी मत देणे अपेक्षित नाही.

हेडमास्तर ते पत्र उजेडात धरून म्हणाले, "यात वाट दाखवलीय हो तुम्हाला. पंच व्हा."

"मी?"

"का? तराजू तपासता ना? इथे माणसं तपासायची." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, हे हेडमास्तरांचं जुनं दुखणं. त्यांनी शाळेतही असेच सल्ले देऊन दोन मास्तरांना कीर्तनकार आणि एकाला शेतकरी केलं होतं. पण काटेकोरच्या डोक्यात किडा शिरला तो शिरला.

पंचांच्या शिबिरासाठी वयाची अट पन्नास. काटेकोर एकोणपन्नास वर्षं दहा महिन्यांचा. म्हणजे घाई. कार्यालयाचं ना हरकत पत्र हवं होतं. साहेबांनी अर्ज तीनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे तुम्हाला ठोसे बसणार का?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी शेरा मारला: बॉक्सिंगचा वजनमापांशी संबंध दिसत नाही, तथापि सदर कर्मचाऱ्याच्या अनुपस्थितीने कामात खंड पडणार नाही. बावीस वर्षांच्या नोकरीचा असा हिशेब काटेकोरने आयुष्यात प्रथमच लेखी वाचला. तो कागद त्याला सोळा ठिकाणी दाखवावा लागला आणि सोळाही जणांनी तो मोठ्याने वाचला.

मग डॉक्टरांचा दाखला. संघटनेकडे पंचांसाठी वेगळा नमुना नव्हता, खेळाडूंचाच होता. डॉक्टरांनी दात मोजले, नाकाचं हाड चेपून बघितलं, वजन घेतलं आणि दाखल्यावर लिहिलं, 'अतिजड वजनी गटात लढण्यास योग्य.' बायकोने तो दाखला वाचला आणि पोळपाट बाजूला सारून खुर्चीवर बसली.

"अहो, तुम्हाला जिना चढताना दम लागतो. कुणाशी लढणार आहात?"

"लढायचं नाहीये. गुण द्यायचेत."

"मग ते घरबसल्या देताच की दिवसभर."

हे खरं होतं. सरावासाठी काटेकोर तेव्हा घरातल्या भांडणांनाही गुण द्यायला लागला होता. विजेच्या बिलावरून झालेल्या खडाजंगीत त्याने प्रामाणिकपणे बायकोला दहा आणि स्वतःला नऊ दिले. बायको म्हणाली, "नऊ कसले? तुम्ही तोंड तरी उघडलं होतंत का?"

पंचांचा गणवेश म्हणजे पांढरा सदरा आणि पांढरी पँट. पँट शिंप्यानेच शिवली. माप घेताना काटेकोरने पोट आत ओढलं, तर शिंपी टेप धरून नुसता उभा राहिला. शेवटी श्वास सोडावाच लागला. "अडतीस," शिंपी म्हणाला आणि वहीत अडतीसच लिहिलं. शिलाई मात्र घेतली नाही. "तो एक निकाल दाखवा. झाली शिलाई."

काटेकोर शिबिरात पहिला आला. आता सगळं मार्गी लागलं असं त्याला वाटलं. पण आगीतून उठून फुफाट्यात पडायला माणसाला फार लांब जावं लागत नाही.

रिंगणाभोवती पाच पंच बसतात. प्रत्येकासमोर दोन बटणांची डबी, एक लाल, एक निळं. फेरी संपली की ज्याने ती जिंकली त्याच्या रंगाचं बटण दाबायचं. काटेकोरने पहिल्या स्पर्धेत दहा लढतींना गुण दिले, डोळ्यांत तेल घालून. त्यांतल्या सहा लढतींत निकाल लागला चार विरुद्ध एक, आणि तो एक म्हणजे काटेकोर. लढती संपल्यावर त्याच्या हातात एक छापील कागद पडला. वर त्याचा क्रमांक, आणि खाली: बहुमताशी सहमती, चाळीस टक्के.

"हे काय?" त्याने विचारलं.

"तुमचा दर्जा," सचिव म्हणाले. "पंच बरोबर आहे की नाही, हे ठरवायचं कसं? बाकीच्या चौघांवरून. साठच्या खाली तीनदा गेलात की नाव कमी होतं. डोळे तपासून घ्या बरं एकदा."

काटेकोरने डोळे तपासून घेतले. डोळे ठणठणीत निघाले, याचंच त्याला वाईट वाटलं. बाजारात त्याने हे शेकडो वेळा बघितलं होतं. एका गल्लीतले चार तराजू सारखेच हलके असले की पाचव्या खऱ्या तराजूवाल्याकडे गिऱ्हाईक जायचं नाही. पण तिथे निदान शिक्का काटेकोरच्या खिशात असायचा. इथे शिक्का त्या चार तराजूंकडेच होता.

दुसऱ्या स्पर्धेत पन्नास टक्के. त्यानंतर चहा पिताना चार नंबरच्या खुर्चीवरचे वयस्कर पंच त्याच्याजवळ सरकले. त्यांच्या गळ्यात बारा महिने मफलर असायचा आणि त्यांची सहमती सदैव नव्वदच्या वर.

"नवे आहात म्हणून सांगतो," मफलरवाले म्हणाले. "मानांकन असलेला खेळाडू नेहमी लाल कोपऱ्यात असतो. म्हणजे चार पंच कुठे जाणार, हे आधीच ठरलेलं. तेव्हा शंका आली की लाल."

"आणि शंका आलीच नाही तर?"

"तर घ्यायला शिका. अहो, कुणी पैसे खात नाही इथे. मी तीस वर्षांत कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. पण एकटं पडायला कुणाला आवडतं?"

काटेकोर तेव्हा मनातल्या मनात हसला होता, आणि थोडासा तुच्छतेने. तिसरी स्पर्धा मोठी होती, आणि आता साठच्या खाली गेला तर नाव कमी होणार होतं. पण त्याने त्याच स्पर्धेला शिंप्याला बोलावलं. "या तुम्ही. मुलीलाही आणा. मी स्वतः खुर्चीवर असेन. बघाच."

शिंपी दुपारी दुकान बंद करून आला. नवा सदरा घातला होता. मुलगी शेजारी बसली होती. दोघे तिसऱ्या रांगेत, काटेकोरला समोरच दिसतील असे. त्याने हात केला नाही, कारण पंचांनी प्रेक्षकांना हात करायचा नसतो. पण छाती अडतीस इंच कमरेच्याही पुढे आली.

याही वेळी लढती दहाच होत्या, आणि पहिल्या पाचांत तो चारदा एकटा पडला. फलकावर त्याच्या तीन नंबरच्या खुर्चीसमोर वेगळा रंग उमटायचा आणि सचिव वहीत काहीतरी लिहायचे. सहाव्या लढतीला लाल कोपऱ्यात मानांकन असलेली मुलगी होती, आणि निळ्यात कुठल्याशा लहान गावची एक काटकुळी, जिचे बूटसुद्धा दुसऱ्या कुणाचे असावेत. घंटा झाली आणि काटकुळीने लालला दोरांपाशी नेऊन असं झोडपलं की काटेकोरला पेन धरायचीही गरज वाटली नाही. त्याने निळं बटण दाबलं.

दुसरी फेरीही तशीच. आंधळ्यालासुद्धा नुसत्या आवाजावरून कळलं असतं. काटेकोरचा अंगठा निळ्या बटणावर गेला आणि तिथेच थबकला. आणखी एकदा एकटं पडलो तर दहांतल्या पाच गेल्या, आज नाव जाणार. नाव गेलं की खुर्ची गेली. खुर्ची गेली की शिंप्याला निकाल दाखवणार कोण? मुलीचं पुढे काय? म्हणजे आज एक फेरी सोडली तर उद्या शंभर निकाल खरे देता येतील. शिवाय लालनेही दोन ठोसे मारले होतेच. नीट बघितलं तर तीन. माणूस स्वतःशी घासाघीस करायला बसला की समोरचा व्यापारी फार लवकर तयार होतो. पुढे चौघे लालच दाबणार आहेत. माझ्या एकट्याच्या निळ्याने त्या पोरीला काय मिळणार?

त्याने लाल दाबलं. तिसऱ्या फेरीला अंगठा थबकलाही नाही.

फलक उजळला. पहिली खुर्ची, निळी. दुसरी, लाल. तिसरी, लाल. चौथी, निळी. पाचवी, लाल. तीन विरुद्ध दोन. रेफरीने लाल मुलीचा हात वर केला.

काटेकोर फलकाकडे बघत राहिला. चौथी खुर्ची निळी होती. मफलरवाले वळून कुजबुजले, "अहो, आज मलासुद्धा लाल देववलं नाही. इतकं उघड होतं! तुम्ही कसं काय दिलंत?"

ज्या बहुमताला तो घाबरला होता ते झालं होतं खरं, पण ते त्यानेच केलं होतं. काटकुळी मुलगी आपला हात वर जाईल म्हणून रेफरीकडे बघत तशीच उभी होती. तिला निकाल अजून उमगला नव्हता. मग तिला कुणीतरी दोरांखालून बाहेर काढलं.

मधल्या सुट्टीत सचिव येऊन त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. "आता जमायला लागलंय तुम्हाला. असंच राहू द्या." बावीस वर्षांत कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली नव्हती. ती आज पडली आणि त्याला ती पाठ कुठेतरी नेऊन टाकावीशी वाटली.

शिंपी आणि मुलगी खाली आले होते.  शिंपी काटेकोरच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीकडे बघत होता. विचारलं मुलीनेच.

"काका, कोण जिंकलं?"

"फलकावर होतं ना..."

"फलक नाही. तुमच्या डोळ्यांना कोण जिंकलं?"

 खोटं बोलण्याची काटेकोरला सवय नव्हती. जे काय खोटं करायचं ते त्याने नुकतंच अंगठ्याने केलं होतं. "निळी," तो म्हणाला.

"मग लाल का दाबलंत? कुणी सांगितलं होतं? पैसे दिले कुणी?"

"नाही गं. पैसे कुठले..."

"मग?"

"घाबरलो," काटेकोर म्हणाला. "एकटा पडेन म्हणून घाबरलो."

शिंप्याने भिंतीवरची नजर खाली आणली. "हेच बघायला बोलावलं होतंत?" तो इतकंच म्हणाला. त्यात राग असता तर काटेकोरला बरं वाटलं असतं.

 मुलगी म्हणाली, "बाबा, आता सहीचं नको. मीच नाही खेळत."

"असं नको करूस," काटेकोर घाईघाईने म्हणाला. "माझी चूक आहे, माझी एकट्याची. तू कशाला सोडतेस? इतके महिने तू बापाचं ऐकलं नाहीस, सराव सोडला नाहीस..."

"त्याचं कारण होतं, काका. मला वाटायचं, माझ्या लढतीचे ते पाचजण विकले गेले होते. रोज पोत्यावर ठोसे मारताना मी त्यांची तोंडं समोर आणायची. पैसे खाणारी तोंडं. हात दुखायचेच नाहीत."  "आता मला कळलं, ते तुमच्यासारखेच कुणीतरी होते. चांगले. घाबरलेले. उद्यापासून पोत्यावर तुमचं तोंड दिसणार. आणि तुम्हाला कसं मारू मी?"

तिने बापाच्या दंडाला धरलं आणि दोघे दाराकडे चालू लागले. माईकवरून सातव्या लढतीच्या पंचांना पुकारत होते. काटेकोर जागचा हलला नाही. त्याच्या नंबराचा पुकारा दुसऱ्यांदा झाला आणि मफलरवाल्यांनी त्याला लांबूनच हाताने बोलावलं.